साहेबाचं ताट

लढाईत तुम्ही काय केलं, असं कोणी विचारलं की आबाजी म्हणत, "वरण केलं." विचारणारा हसे. त्याला वाटे, म्हातारा थट्टा करतो आहे. आबाजी हसत नसत. ते फौजेत लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी, आणि या कामाबद्दल त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. बर्फाच्या डोंगरावर एक चौकी होती, तिथल्या जवानांना गरम जेवण पोचवायचं होतं. पाठीवर वरणाचा डबा बांधून चढत असताना समोरून मारा सुरू झाला आणि मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला. तो तुकडा डॉक्टरांनी तसाच राहू दिला. डबा मात्र चौकीवर पोचला. "आबाजी, वरण सांडलं का?" असं मी लहानपणी विचारायची. "थोडं सांडलं," ते म्हणायचे, आणि त्यांचा चेहरा उतरायचा. मांडीतल्या लोखंडाबद्दल बोलताना तो कधी उतरला नाही.

मी त्यांच्याकडे राहायला आले ती खोकल्यामुळे. माझे वडील घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होते. तिथे दोरीवर वाळत घातलेलं पांढरं कापड संध्याकाळपर्यंत राखेच्या रंगाचं व्हायचं आणि मी रात्रभर खोकायची. शेवटी आईने माझी पेटी भरली आणि मला धानोऱ्याला आबाजी आणि आजीकडे पाठवलं. थोड्या दिवसांसाठी, असं ठरलं होतं. मी दहावी होईपर्यंत तिथेच राहिले. रडले वगैरे नाही. धानोऱ्याला जेवण चांगलं होतं.

बस जिथे थांबायची त्या जागेसमोरच आबाजींचं 'जवान भोजनालय' होतं. वर टीन, बाजूला बांबूच्या तट्ट्या, आत शेणाने सारवलेली जमीन आणि लांब बाकं. मागच्या बाजूला आमची राहायची खोली. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली फौजेच्या कपड्यांतला आबाजींचा फोटो, ज्यात त्यांच्या मिशा चेहऱ्यापेक्षा रुंद दिसत. बांबूचे ट्रक समोरून गिअर बदलत जायचे तेव्हा टीन थरथरायचं आणि ताटं आपोआप वाजायची. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की ट्रक आला नाही तर आजी विचारायची, "आज रस्ता बंद हाये का व?" जेवायला ट्रकचे ड्रायव्हर यायचे, जंगलखात्याचे गार्ड यायचे, बाहेरगावाहून बदलून आलेले मास्तर यायचे, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या जंगलातल्या गावांमधून मोहफूल, चारोळी, डिंक घेऊन आलेली माणसं यायची. भात, तुरीचं वरण, वांग्याची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. रविवारी सुकी मासळी. त्या दिवशी आख्ख्या स्टँडला कळायचं की रविवार आहे.

पत्रावळ्या सुकरोबाई आणायची. ती जंगलातल्या एका गोंड वस्तीवरून डोक्यावर पानांचा भारा घेऊन चालत यायची आणि आमच्या दारात बसून बांबूच्या काड्यांनी पळसाची पानं टाचायची. आबाजी तिला "जोहार, बाई" म्हणायचे, ती "जोहार, फौजी" म्हणायची आणि लगेच भांडायला सुरुवात करायची. "तुह्या वरणात पाणीच पाणी. माही पत्रावळ गळते म्हनतोस, पत्रावळ नाई गळत, तुहं वरणच पळते." आबाजी तिला तेव्हाच वाढायचे. पैसे देणारं गिऱ्हाईक थांबलं तरी चालेल, पानं आणणारी उपाशी राहायची नाही, हा त्यांचा कायदा होता.

असे त्यांचे बरेच कायदे होते. ते पहाटे उठून दाढी करायचे, खाकी पँट आणि पांढरं ॲप्रन घालायचे. स्वयंपाकी घामेजलेला चालेल, मळलेला नाही. मांडीमुळे थोडे लंगडायचे, पण डाव हातात आला की पाठ सरळ. स्वयंपाक झाल्यावर डाव गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, काठावर जोरात आपटायचे. हा आवाज झाल्याशिवाय कोणालाही वाढायचं नाही. आणि हा आवाज होण्याआधी एक गोष्ट व्हायची. फौजेत जवानांनी जेवण्याआधी साहेब जेवण चाखून बघतो. सगळ्यांसमोर, त्याच भांड्यातलं. ते बरोबर असलं तरच पलटण जेवते. धानोऱ्याच्या स्टँडवर साहेब कुठून आणणार? मी आले आणि तो प्रश्न सुटला.

शाळा दुपारची होती. त्याआधी मला बाकावर बसवून आबाजी समोर ताट ठेवायचे, दोन पावलं मागे जायचे, टाचा जुळवायचे आणि हिंदीत म्हणायचे, "साहब, खाना तैयार है." पहिल्या दिवशी मी लाजून म्हटलं, "छान आहे." ते म्हणाले, "छान हे काय असते? फौजेत छान नसते. काय कमी हाये, काय जास्त हाये, ते सांग." मग मी नीट खाल्लं आणि म्हटलं, "मीठ कमी आहे." "जी साहब!" म्हणून ते मागे गेले, चिमूटभर मीठ घातलं, ढवळलं, आणि डाव गंजावर आपटला. बाकांवरचे ड्रायव्हर टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, मी फार मोठं काम केलं.

रोज काही ना काही कमी असायचं आणि बहुतेक वेळा ते मीठच असायचं. काही महिन्यांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं रांधणाऱ्या माणसाला रोज मिठाचा अंदाज कसा चुकतो? मी विचारलं, तेव्हा ते आधी दचकले आणि मग खूश झाले. म्हणाले, "जास्त झालेलं मीठ काढता येत नाई. म्हनून कमी ठेवतो, हे एक. अन् दुसरं, साहेब खरंच खाऊन राह्यला का नुसता घास गिळून राह्यला, हे लांगऱ्याले कसं कळन?" मग त्यांनी एका तरुण साहेबाची गोष्ट सांगितली. तो रोज घाईत यायचा, उभ्याउभ्या एक घास घ्यायचा आणि "बहोत बढिया" म्हणून निघून जायचा. एक दिवस आबाजींनी वरणात मीठ घातलंच नाही. साहेब म्हणाला, "बहोत बढिया." आबाजी जागचे हलले नाहीत. टाचा जुळवून तसेच समोर उभे राहिले. साहेब त्यांच्याकडे बघतो, ते साहेबाकडे बघतात, मागे पलटण रिकाम्या ताटल्या घेऊन उभी. शेवटी साहेबाने दुसरा घास घेतला आणि त्याचे कान लाल झाले. "दुसऱ्या दिवसापासून साहेब बसून जेवू लागला," आबाजी म्हणाले. "चांगला माणूस होता. फक्त घाईत होता."

आमच्या भोजनालयात सगळेच जेवत असं मात्र नव्हतं. आमचं घर धम्म घेतलेलं. गावात आमच्या हातचं खाणारे होते आणि न खाणारेही होते. न खाणारे भांडत नसत, वाईट बोलत नसत. ते समोरून जायचे, "काय फौजीभाऊ, बरं हाये का?" म्हणायचे, आणि पुढच्या टपरीवर जाऊन बुरशी आलेला पाव खायचे. आबाजी त्यांना नमस्कार करायचे. आजी आतून म्हणायची, "जा बाप्पा, जा. पोट दुखलं का ओवा न्यायले या." ओवा न्यायला ते यायचे. ओव्याला आमच्या हाताचं काही लागत नव्हतं.

ज्या जागेवर भोजनालय होतं ती मालगुजारांची, म्हणजे जुन्या जमीनदारांची. मालगुजारी केव्हाच गेली होती, पण धानोऱ्याहून बैलबंडीने जाता येईल अशा एका गावात त्यांचा मोठा वाडा होता, शेती होती, आणि लोकांच्या तोंडून मालगुजार हा शब्द काही गेला नव्हता. लहानपणी आजी त्यांच्या बांध्यांमध्ये भाताच्या रोवणीला जायची. तहान लागली की वाड्याच्या मागच्या दारात ओंजळ धरायची आणि वरून पाण्याची धार सोडली जायची. हे मला तिने फक्त एकदा सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता.

तर त्या मालगुजारांच्या घरी मुलीचं लग्न निघालं. मोहफुलं पडायचे दिवस होते. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचे दिवाणजी सायकलवरून घामाघूम होऊन आमच्या दारात उतरले. ते आमच्याकडे पाणीही न पिणाऱ्यांपैकी. बाकावर बसले नाहीत, सायकलचं हँडल धरून उभे राहिले.

"फौजीभाऊ, मोठी पंचाईत झाली. आचाऱ्याले हिवतापानं धरलं. थंडी वाजून राह्यली, चार गोधड्या टाकल्या तरी दात वाजून राह्यले त्याचे. उद्या वऱ्हाड येते. एवढ्या मोठ्या पंगतीचा सैपाक करणारा या भागात तुमच्याशिवाय कोनी नाई."

"बरं मंग?"

"तुम्ही या. पण मागच्या आवारात कनात लावून देतो, तिच्या आत राहा. वाढणारे आमचे. तुम्ही समोर येऊ नका. कोनी इचारलं तं नागपूरचा आचारी आनला म्हनून सांगू."

आतून आजीचा आवाज आला, "अन् नागपूरच्या आचाऱ्याले ह्या मिशा कोनी देल्या म्हनून सांगाल?"

दिवाणजींनी न ऐकल्यासारखं केलं. आबाजी बराच वेळ डाव पुसत राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणणार. ते म्हणाले, "येतो. पण फौजेचा कायदा हाये. पयली पंगत बसली का साहेबाचं ताट लागते. घरचा मालक मांडवात, सगळ्यांसमोर बसून ते खाते. मंग मी झाकणं उघडतो. त्याच्या आधी नाई."

"पाहू नं, भाऊ."

"पाहू नाई. हो म्हना."

"हो बाप्पा, हो!" दिवाणजी म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले. त्यांना ही म्हाताऱ्याची लहर वाटली असावी. असल्या लहरी ऐन वेळी विसरल्या जातात.

त्या दिवशी आजी आणि आबाजींचं जे भांडण झालं ते मी पत्रावळ्या मोजायचं सोंग करत ऐकलं. आजीचं म्हणणं सरळ होतं. लपून रांधायला जायचंच कशाला? आबाजी म्हणाले, लपून नाही म्हणूनच तर अट घातली. "अन् त्यानं नाई खाल्लं तं?" "तं झाकण उघडत नाई." "वऱ्हाड उपाशी ठेवाल? अन् मंग तो जागा ठेवीन का आपल्याकडे? या वयात कुठी जाल गंज डोक्यावर घेऊन?" आबाजी म्हणाले, "टीनाचं तं दुकान हाये. उचलून दुसऱ्या जागी ठेवता येते. मी पलटणीले रांधलं. सगळ्या जातीची, सगळ्या मुलखाची पोट्टी माह्या हातचं खाऊन गोळ्या झेलायले जात. त्यातले काही परत आले नाई, माह्या हातचंच शेवटचं जेवण झालं त्यांचं. अन् इथी मी नागपूरचा आचारी होऊ?" आजी लग्नाला यायला मात्र तयार झाली नाही. "मी इथीच बसते. दुकान हलवाचं असन तं कोनी तं पाहिजे," असं म्हणून तिने दाराकडे पाठ केली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही बंडीत गंज, झारे, डाव भरून गेलो. आबाजींनी खाकी पूर्ण गणवेश घातला होता, कडक इस्त्रीचा, छातीवर मेडल. त्यावर ॲप्रन. मेडल ॲप्रनखाली झाकली जात होती, पण ती तिथे आहेत हे त्यांना माहीत होतं. वाड्याच्या मागे जमिनीत लांब चर खणून त्यांनी चूल केली. एका चरावर ओळीने सगळे गंज बसतात आणि लाकडं कमी लागतात, ही फौजेची पद्धत. भात, वरण, वांगी, कढी, बुंदी. वांगी चिरायला गावातल्या बाया होत्या. पत्रावळ्यांचा भारा घेऊन सुकरोबाईही आली होती. कनातीच्या आत डोकावून ती म्हणाली, "फौजी, तुले काऊन लपवलं? तुहंच लगन हाये का?" सगळ्या बाया हसल्या. आबाजीही हसले. पण कांद्याच्या टोपलीशी बसलेल्या मला दिसलं की त्यांनी डाव दुसऱ्या हातात घेतला आणि पहिला हात पँटला पुसला, आणि परत पुसला. आबाजींचा हात घामेजलेला मी तेव्हाच पाहिला.

लग्न लागलं. वाजंत्री वाजली. मी सवयीने वांग्याच्या गंजातला एक तुकडा पानावर घेऊन खाल्ला. "आबाजी, मीठ कमी आहे."

"तुले कोनी इचारलं? आज तू साहेब नाई."

मांडवात पहिली पंगत बसल्याचा गलका ऐकू आला. वाढणारी मुलं बादल्या घेऊन आत आली. गंजांवर झाकणं होती, झाकणांवर निखारे होते, आणि समोर आबाजी डाव घेऊन उभे होते. "मालकाले बलवा," ते म्हणाले. मुलं एकमेकांकडे बघू लागली. दिवाणजी धावत आले आणि आबाजींना पाहून त्यांचा चेहरा असा झाला की न विचारताच कळलं. त्यांनी मालकांना सांगितलंच नव्हतं. "भाऊ, गडबडीत राहून गेलं. आता कसं सांगू मी? हात जोडतो." आबाजी म्हणाले, "हात नको जोडू. मालकाले बलाव."

मालगुजार आले. कोशाच्या रेशमाचा कुर्ता, डोक्यावर फेटा, कपाळावर घाम. उंच माणूस होता. आल्या आल्या म्हणाले, "फौजी, हे काय लावलं? व्याही पानावर बसून हायेत."

"जी मालक. ताट तयार हाये."

"कोनतं ताट?"

दिवाणजींनी अडखळत सांगितलं. मालगुजारांनी दिवाणजींकडे असं पाहिलं की मला त्या माणसाची दया आली. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बरं, आन. इथीच दोन घास खातो."

"इथी नाई. मांडवात."

"अरे, तुह्या नातीले खाऊ घाल नं. रोज तेच खाते म्हनून ऐकलं हाये."

"ते आमच्या हॉटेलची साहेब. इथचे साहेब तुम्ही."

मालगुजार जवळ आले. "स्टँडवरची जागा कोनाची हाये, माहीत हाये नं?"

"माहीत हाये. सामान बांधूनच आलो मालक."

ही थाप होती. आजीने एक वाटीसुद्धा हलवली नव्हती. वाढणाऱ्यांपैकी एका दांडग्या मुलाने पुढे होऊन भाताच्या झाकणाला हात घातला. आबाजींनी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "पोट्ट्या, भाजशील." त्याने हात मागे घेतला. निखारे खरेच होते. बाहेर पंगतीत कुजबुज वाढली होती, कोणीतरी मोठ्याने विचारलं, "काय, तांदूळ अजून शेतात हाये का?" आणि हशा पिकला. मालगुजारांनी फेट्याच्या शेमल्याने कपाळ पुसलं. आबाजींच्या मांडीत कळ येत असणार, फार वेळ उभं राहिलं की यायची, पण ते टाचा जुळवून उभे होते. मी कांद्याची टोपली घट्ट धरली होती. आता स्टँडवरची जागा गेली, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मालगुजार तयार का झाले, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. माझा व्यवहारी अंदाज असा की उपाशी वऱ्हाडाची बदनामी त्यांना जास्त जड वाटली असावी. पण पुढे जे घडलं ते सगळंच्या सगळं या अंदाजात बसत नाही, म्हणून मी तो फार ताणत नाही.

"चल," ते म्हणाले.

आबाजींनी ॲप्रन सोडलं आणि माझ्या हातात दिलं. झाकणं सरकवून प्रत्येक गंजातलं थोडं थोडं ताटात वाढलं आणि ताट दोन्ही हातांवर घेऊन ते कनातीबाहेर पडले. मी मागे. मांडवात शिरताच पहिल्या ओळीतली माणसं गप्प झाली, मग दुसऱ्या ओळीतली. वाजंत्रीवालाही थांबला. धानोऱ्याची बरीच माणसं पंगतीत होती, त्यांनी आबाजींना ओळखलं. नागपूरकडून आलेल्या वऱ्हाड्यांना फक्त मेडल आणि मिशा दिसत होत्या. पंगतीसमोर पाट मांडला होता, त्यावर मालगुजार बसले. आबाजींनी वाकून ताट ठेवलं, दोन पावलं मागे आले, आणि धानोऱ्याच्या स्टँडवर रोज जसं म्हणत तसंच म्हणाले, "साहब, खाना तैयार है."

मालगुजारांनी भाताची चार शितं वरणाला लावून तोंडात टाकली. "चांगलं हाये. वाढा."

आबाजी हलले नाहीत.

मला तरुण साहेबाची गोष्ट आठवली. हे पलटणीचं मैदान नव्हतं. आबाजी उभे होते, मालगुजार त्यांच्याकडे बघत होते, मागे पंगत रिकाम्या पत्रावळ्यांसमोर बसली होती. मालगुजारांनी पुन्हा म्हटलं, "वाढा म्हटलं नं." आबाजी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवले नाई." बस, एवढंच. आवाजात विनंती नव्हती आणि उर्मटपणाही नव्हता. मी शाळेला उशीर करायची तेव्हा मला सांगत तसं सांगितलं.

मालगुजारांनी मांडी नीट घातली. वरणभात कालवला. मोठा घास घेतला, मग वांग्याची फोड घेतली आणि चावली. चावता चावता त्यांचा जबडा थांबला. त्यांनी आणखी एक फोड घेतली. मग वर बघितलं आणि आख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फौजी, वांग्यात मीठ कमी हाये."

"जी साहब!"

आबाजींच्या टाचांचा आवाज मातीतसुद्धा आला. ते वळले आणि त्या लंगड्या पायाने इतक्या झपाट्याने कनातीत गेले की मला धावावं लागलं. वांग्यात मूठभर मीठ पडलं, झारा फिरला, आणि मग डाव गंजाच्या काठावर असा आपटला की वाड्याच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

सगळेच जेवले असं मी सांगणार नाही. नवऱ्या मुलाचे एक मामा आणि त्यांच्यासोबतची काही माणसं पानावरून उठली. उठले ते उठले, त्यांच्या पत्रावळ्यांवर दुसरे बसले. बाकीचे जेवले आणि मागून मागून जेवले. मालगुजार पाटावरून उठले नाहीत. त्यांनी ते ताट शेवटपर्यंत संपवलं आणि कढी परत मागितली. हा भाग माझ्या व्यवहारी अंदाजात बसत नाही, तो हाच.

मालगुजारांनी खाल्लं म्हणून फौजी मोठे झाले, असं आजही कोणीकोणी मला कौतुकाने सांगतात. मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. पलटणच्या पलटण ज्या माणसाच्या हातचं खाऊन बर्फात उभी राहिली, त्याला मोठं व्हायला वांग्याच्या भाजीची गरज नव्हती. गावाने त्या दिवशी फक्त उशिरा हजेरी लावली. जागेचं पुढे कोणी नाव काढलं नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी दिवाणजी आले, सायकल लावली, आणि पहिल्यांदाच बाकावर बसले. काहींनी नंतरही कनातीमागच्या कामासाठी विचारलं, त्यांना आबाजींनी ओवा दिला आणि परत पाठवलं. आता त्याच जागेवर माझं भोजनालय आहे, टीन गेलं आणि स्लॅब आली. लग्नाची मोठी कामंही मी घेते. साहेबाच्या ताटाची अट मी बोलणीच्या वेळी स्वतः मालकाला सांगते, त्याच्या दिवाणजीला नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला पहिल्या दिवशी वांग्यात मीठ कमी ठेवायला शिकवते, आणि 'छान आहे' म्हणणाऱ्या मालकासमोर हलायचं नाही हेही.

पण मला त्या दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. लांगरी सगळ्यात शेवटी जेवतो, हाही फौजेचा कायदा. वाड्यात आबाजींसाठी पान मांडलं होतं, मांडवातच, तरी ते म्हणाले, "मले घरी रांधलेलं असन." आम्ही बंडीने परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आजी दारातच बसली होती. एकही भांडं हललेलं नव्हतं, पण चुलीजवळ नवा दोर ठेवलेला होता, गुंडाळून, सामान बांधण्यापुरता. आबाजींनी तो पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, कबुतरांसकट. आजीने फक्त विचारलं, "खाल्लं त्यानं?"

"खाल्लं."

"पाटावर बसून? सगळ्यांसमोर?"

"ताट साफ केलं. कढी परत मागितली."

आजी उठली. दोर घेऊन आत गेली, आणि बाहेर आली ती आबाजींचं ताट घेऊन. भात, सुकी मासळी, जवसाची चटणी. आबाजी गणवेशातच मांडी घालून बसले. दिवसभरातला पहिला घास त्यांनी तोंडात टाकला, सावकाश चावला, वर बघितलं आणि म्हणाले, "मीठ कमी हाये."

"मीठ बरोबर हाये," आजी म्हणाली. "हे हॉटेल नाई अन् मी लांगरी नाई. चुपचाप जेवा."

"जी साहब," आबाजी म्हणाले, आणि जेवू लागले.